पंख, पक्ष आणि परिभाषा

इंग्रजी शास्त्रग्रंथांत ‘एलेट’ असा एक लहानसा शब्द आहे. लॅटिन भाषेंत पंखास ‘आला’ म्हणतात. त्यावरून ज्यास पंख आहेत, किंवा ज्याच्या अंगास पंखासारखा पातळ व पसरट भाग फुटला आहे, त्यास ‘एलेट’ हें विशेषण लावतात. ऐनाचें फळ एलेट, शेवग्याची बी एलेट, पपनसाच्या पानाचा देठ एलेट, आणि पहिल्या पावसाबरोबर वारुळांतून उडणारी वाळवीहि एलेटच. मराठी शास्त्रीय लेखनांत ह्या शब्दासाठीं ‘सपक्ष’ हा प्रतिशब्द योजिला जातो. आमचें म्हणणें असें कीं, हा प्रतिशब्द चुकीचा नसला तरी निरुपयोगी आहे. ज्या विचारसरणींतून तो जन्मला ती मराठीस ज्ञानभाषा होऊं देणारी नाहीं. आणि ‘पंख’ हा घरचा शब्द हाताशीं असतां त्यास दाराबाहेर उभा करण्याचें कांहींएक कारण नव्हतें.

एका शब्दासाठीं एवढा खटाटोप कशास, असें कोणी विचारील. ज्या वर्ध्यांत बसून आम्ही हें लिहीत आहों तेथेंच 1937 सालच्या ऑक्टोबरांत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली होती, आणि मुलांचें शिक्षण मातृभाषेंतून व्हावें असा ठराव तिनें केला होता. त्या गोष्टीस आतां ऐंशींहून अधिक वर्षें लोटलीं. मधल्या काळांत झालें काय? मराठी शाळांतूनच गणित व विज्ञान इंग्रजींतून शिकविण्याची ‘सेमी-इंग्लिश’ पद्धति आली, आणि आईबापांनीं ती हौसेनें पत्करली. त्यांस दोष देण्यापूर्वीं त्यांचें म्हणणें ऐकून घ्यावें. ते म्हणतात, मराठींतलें विज्ञान इंग्रजीहून अवघड असतें. भाषेविषयीं म्हणून हा आरोप खोटा आहे. पुस्तकांविषयीं म्हणून तो पुष्कळ अंशीं खरा आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें उच्च शिक्षणहि भारतीय भाषांतून देण्याचा पुरस्कार केला. 2024 सालीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पदवीच्या वर्गांसाठीं मराठी पुस्तकें लिहिण्याची वेळ आतां आली आहे. तीं कोणत्या मराठींत लिहावयाचीं हा प्रश्न आज सोडविला नाहीं, तर पुढच्या पिढीचे आईबापहि हेंच उत्तर देतील.

आतां ‘सपक्ष’ ह्या शब्दाकडे वळूं. संस्कृतांत ‘पक्ष’ म्हणजे पंख, हें निर्विवाद आहे. पर्वतांस पूर्वीं पंख होते व इंद्रानें ते छाटले, अशी कथा आहे. त्या पर्वतांस संस्कृतांत सपक्ष म्हणणें यथार्थच होय. परंतु मराठींत ह्या शब्दाचा पंखाशीं असलेला संबंध केव्हांच तुटला. आज मराठी माणसाच्या कानीं ‘पक्ष’ हा शब्द पडला तर त्यास पहिल्यानें निवडणूक आठवते. मग कोर्टांतील पक्षकार आठवतो. लग्नसराई असेल तर वरपक्ष-वधूपक्ष आठवतात. आणि भाद्रपद असेल तर पितृपक्ष. पंख मात्र ‘पक्षी’ ह्या एका शब्दांत लपून बसला आहे, व तेथूनहि त्यास कोणी शोधून काढीत नाहीं.

एवढ्यानें भागत नाहीं. ‘सपक्ष’ ही न्यायशास्त्राची जुनी, ठरलेली संज्ञा आहे. पर्वतावर धूर दिसतो म्हणून तेथें अग्नि आहे, ह्या अनुमानांत पर्वत हा पक्ष. जेथें अग्नि असल्याचें निश्चित ठाऊक आहे तें स्वयंपाकघर हा सपक्ष. आणि जेथें अग्नि नसल्याचें निश्चित ठाऊक आहे तें सरोवर हा विपक्ष. म्हणजे ज्या संस्कृताच्या अभिमानानें हा शब्द आणला, त्याच संस्कृतांत शास्त्राचें एक आसन त्यास अगोदरच मिळालेलें होतें. एका संज्ञेस एकच अर्थ असावा असा नियम जे आम्हांस सांगतात, त्यांनीं ह्याचें उत्तर द्यावें.

आमच्या वर्गांत एकदां ‘सपक्ष फळ’ म्हणजे काय असें विचारलें असतां एका हुशार मुलानें, ‘ज्याच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत असें फळ’ असें उत्तर दिलें. मुलाची बुद्धि कोठेंहि अडली नव्हती. पक्ष म्हणजे बाजू हें त्यास ठाऊक होतें, आणि ठाऊक असलेल्या अर्थावरून त्यानें सरळ अनुमान काढलें. त्यालाच ‘पंख असलेलें फळ’ म्हटलें असतें, तर बोरच्या जंगलांतून ऐनाचें फळ आणून त्यानें आमच्या टेबलावर ठेविलें असतें. संज्ञा ऐकणाऱ्यास वस्तूपर्यंत पोंचविते कीं नाहीं, हीच तिची पहिली परीक्षा.

दुसरें उदाहरण माशाचें घ्या. पोहण्यास व तोल सांभाळण्यास माशाच्या अंगावर जे पातळ पसरट अवयव असतात त्यांस मराठींत ‘पर’ म्हणतात. शास्त्रीय लेखनांत ह्या परांसहि ‘पक्ष’च म्हणण्याचा परिपाठ आहे, आणि वाचकास तें कळणार नाहीं हें लेखकास मनांतून ठाऊक असल्यामुळें पुढें कंसांत ‘पर’ असें लिहावें लागतें. आम्ही विचारतों, जो शब्द कंसांत बसून सारें काम करितो, त्यासच कंसाबाहेर कां आणूं नये? राबावें नोकरानें आणि नांव लागावें धन्याचें, असा हा प्रकार आहे.

मराठी माणसानें पंखाच्या आकाराकडे कधीं पाहिलेंच नाहीं, असें थोडेंच आहे? छपराच्या उतरत्या बाजूस आपण ‘पाखें’ म्हणतों, आणि दोन उतारांच्या घरास दुपाखी. नाकाच्या दोन बाजूंस इंग्रज शरीरशास्त्रज्ञ लॅटिनांतून ‘पंख’ म्हणतो. आपल्याकडे तेथें ‘नाकपुडी’ हा चोख शब्द आहे. ‘पाखें’ हा संस्कृत ‘पक्ष’ ह्याचाच वंशज, आणि ‘पंख’हि त्याच घराण्यांतला. तेव्हां ‘पंख’ स्वीकारल्यानें संस्कृताचा अवमान होतो असें ज्यांस वाटतें, त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, नातवास मांडीवर घेतल्यानें आजोबांचा अपमान होत नसतो.

‘मुंगीला पंख फुटले’ ही म्हण पाहा. पावसाळ्याच्या तोंडीं मुंग्यांच्या वारुळांतून पंख असलेले नर व माद्या बाहेर पडतात. त्यांचा संयोग झाल्यावर नर लौकरच मरतात, आणि माद्या जमिनीवर उतरून आपले पंख गाळून टाकतात व नवें वारूळ वसवूं लागतात. कोणाच्या घमेंडीचा अंत जवळ आला असें सुचवावयाचें असतां आपण ही म्हण वापरतों. पण तिच्या मुळाशीं कोणा अज्ञात शेतकऱ्याचें अचूक निरीक्षण आहे. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ ह्याच अवस्थेस ‘एलेट’ म्हणतो. त्यानें जें लॅटिनांतून सांगितलें, तें आपल्या आजीबाईंनीं मराठींतून सांगून ठेविलेलें होतें.

कपाशीवरच्या माव्याची गोष्ट तर आमच्या जिल्ह्यांत पोटाशीं निगडित आहे. मावा बहुधा बिनपंखी असतो. परंतु झाडावर त्याची दाटी झाली, किंवा झाडाचा कस उतरला, कीं पंख असलेली पिढी निपजते आणि ती उडून दुसऱ्या झाडावर, दुसऱ्या शेतांत जाऊन बसते. पंखांचा मावा दिसणें म्हणजे रोग पुढें सरकत असल्याची सूचना होय. ही सूचना ‘सपक्ष मावा’ ह्या शब्दांत दिली, तर हिंगणघाटच्या कापूस पिकविणाऱ्यास ती काय समजणार? येथें चुकीच्या शब्दाची किंमत परीक्षेंतल्या दोन गुणांची नसून पिकाची आहे.

वनस्पतींकडे वळलें तर ‘पंख’ हा शब्द किती नेमकेपणानें वापरतां येतो हें दिसून येईल. ऐनाच्या फळास, ज्या झाडास आमच्याकडे येन म्हणतात, पांच रुंद पंख असतात. अर्जुनाच्या फळासहि पांचच, पण ते अरुंद व ताठ. बेहडा त्यांच्याच कुळांतला व त्यांच्याच प्रजातींतला. पण त्याचें फळ बिनपंखी व गोल. बिजाच्या चपट्या फळास भोंवतालीं वर्तुळाकार पंख असतो. म्हणूनच त्याच्या शास्त्रीय नांवाचा, ‘टेरोकार्पस’ ह्याचा, अर्थ पंखफळ असा आहे. शेवग्याची शेंग झाडावरच वाळूं दिली तर तिच्या प्रत्येक बीस तीन कागदी पंख दिसतात. आर्वी, आष्टी व कारंजा ह्या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. त्याच लिंबूवर्गांतील पपनसाच्या देठास रुंद पंख असतो, संत्र्याच्या देठास त्याची केवळ निरुंद कड असते, आणि महाळुंगाच्या देठास तो नसतो. रुंद पंख, अरुंद पंख, वर्तुळाकार पंख, बिनपंखी: ह्यांत कोणता भेद सांगावयाचा राहिला? कोणती शास्त्रीय अचूकता उणी पडली?

इंग्रजीचें उदाहरण आपल्या शब्दकारांस सदैव प्रमाण वाटतें. तेव्हां इंग्रजी काय करते तेंहि पाहूं. ‘एलेट’ हा शब्द इंग्रजींत आहे खरा. पण त्यानें ‘विंग’ ह्या साध्या शब्दास हांकलून दिलेलें नाहीं. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ ऐनाच्या फळाचें वर्णन करितांना त्यास पांच ‘विंग’ आहेत असें खुशाल लिहितो. तुरीच्या फुलांत पांच पाकळ्या असतात: वरची एक मोठी, बाजूंच्या दोन, आणि खालच्या दोन जुळून झालेली होडी. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत ह्यांचीं नांवें निशाण, पंख व नावेचा कणा ह्या अर्थाचींच, रोजच्या व्यवहारांतलीं आहेत. शिवाय ‘विंग’ हा शब्द तरी इंग्रजांचा मूळचा कोठें आहे? तो नॉर्स लोकांकडून त्यांच्या भाषेंत आला व घरचा झाला. आपल्या रंगभूमीनें तोच त्यांच्याकडून उचलला. नट विंगेंत उभा राहतो, आणि त्यामुळें मराठी बुडाली असें कोणी म्हणत नाहीं.

शब्दाचा अर्थ त्याच्या कुळावरून ठरत नाहीं, वापरावरून ठरतो. ग्रीक भाषेंत पंखास ‘प्टेरॉन’ म्हणतात. तो आणि संस्कृत ‘पत्र’ हे दोन्ही ‘उडणें’ ह्या अर्थाच्या एकाच मुळापासून निघालेले आहेत. पत्र म्हणजे पंख, पत्र म्हणजे झाडाचें पान, आणि पानावर लिहिण्याची चाल पडल्यावर पत्र म्हणजे लेख, चिठ्ठी. आज पत्र पोस्टानें येतें. त्यास कधीं काळीं पंख होते हें पोस्टमनास सांगून काय उपयोग? ‘पत्र’ ह्याचें जें झालें तेंच ‘पक्ष’ ह्याचें झालें आहे. मेलेला अर्थ कोशांतून उठवून पाठ्यपुस्तकांत बसविला म्हणून तो श्वास घेऊं लागत नाहीं.

त्याच ग्रीक शब्दावरून डोळ्याच्या एका विकारास ‘टेरिजियम’, म्हणजे लहानसा पंख, असें नांव पडलें आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बहुधा नाकाच्या बाजूनें, त्रिकोणी मांसल पडदा वाढूं लागतो व तो बुबुळाकडे सरकतो. उन्हांत व धुळींत राबणाऱ्या लोकांत हा विकार विशेष आढळतो. म्हणजे तो आमच्या शेतकऱ्याचा विकार आहे. सुश्रुतानें ह्यास ‘अर्म’ म्हटलें असून त्याचे पांच प्रकार सांगितले आहेत. वैद्यानें ‘अर्म’ जाणावा, डॉक्टरानें ‘टेरिजियम’ लिहावें, ह्यांत आम्हांस कांहींच म्हणावयाचें नाहीं. पण रोग्यास समजवितांना, किंवा त्याच्या हातीं पत्रक देतांना, डोळ्यांत पंखासारखें मांस वाढलें आहे, हा मोतीबिंदु नव्हे, असें सांगितलें म्हणजे पुरे आहे. ‘मोतीबिंदु’ ह्या शब्दाकडेच पाहा ना. ज्या इंग्रजी शब्दाच्या जागीं तो येतो त्याचा मूळ अर्थ धबधबा. मराठीनें त्याचा ‘नेत्रप्रपात’ केला नाहीं. डोळ्यांत जें दिसलें त्यास नांव दिलें. तें नांव खेड्यांतील म्हातारीसहि समजतें आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यासहि चालतें.

आमच्या ह्या मतावर तीन आक्षेप येतात, आणि ते विचारी माणसांचे असल्यामुळें त्यांचा परामर्श घेणें अवश्य आहे.

पहिला आक्षेप असा कीं, साध्या शब्दांपासून इतर शब्द साधतां येत नाहींत. संस्कृत धातूंस मात्र उपसर्ग व प्रत्यय लावून हवे तितके शब्द घडवितां येतात. नागपुरास राहून डॉ. रघुवीर ह्यांनीं ह्याच तत्त्वावर हजारों हिंदी संज्ञा घडविल्या. त्यांच्या विद्वत्तेविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. परंतु पंख, पंखी, बिनपंखी, पंखधारी, पंखाकृति, चौपंखी, अर्धपंखी हे शब्द साधण्यास कोणतें व्याकरण आड येतें? मराठीस स्वतःचे प्रत्यय आहेत. ते वापरण्याची लाज वाटते, एवढीच अडचण आहे.

दुसरा आक्षेप, संज्ञा अखिल भारतांत एकसारख्या असाव्यात. 1961 सालीं केंद्र सरकारनें नेमलेल्या शब्दावली आयोगापुढेंहि हा हेतु होता. हेतु चांगला आहे. पण एकसारखेपणा कोणासाठीं? निरनिराळ्या प्रांतांतले संशोधक आजहि एकमेकांशीं इंग्रजींतच व्यवहार करितात. संस्कृतप्रचुर संज्ञेचा उपयोग त्यांस होत नाहीं, आणि आमच्या विद्यार्थ्यास ती कळत नाहीं. आणि ‘पंख’ हा शब्द हिंदी व गुजराती जाणणाऱ्यासहि ‘सपक्ष’ ह्याहून लौकर समजेल, हें काय सांगावयास पाहिजे?

तिसरा आक्षेप सर्वांत बळकट आहे. नवा शब्द आरंभीं कठीण वाटतो, पण वापरानें रुळतो. ‘महापौर’ रुळला, ‘दिनांक’ रुळला, तसा ‘सपक्ष’हि रुळेल. ‘महापौर’ रुळला हें खरें. कारण त्या जागीं मराठींत दुसरा शब्दच नव्हता. ‘दिनांक’ ह्याची गोष्ट निराळी आहे. तो अर्जाच्या कागदावर छापला जातो, आणि अर्ज लिहिणारा शेजाऱ्यास विचारतो, ‘आज तारीख काय?’ रिकाम्या जागीं आणलेला शब्द घर करितो. भरल्या घरांत कोंबलेला शब्द पाहुणाच राहतो. नव्या शब्दांस आमचा विरोध नाहीं, संस्कृतासहि नाहीं. तुरीच्या फुलासारख्या फुलांस ‘पतंगरूप’ म्हणणारा कोणी रसिक असला पाहिजे. तो शब्द संस्कृत आहे, पण ‘पतंग’ मराठींत जिवंत आहे, म्हणून तो शब्दहि जिवंत आहे.

ह्या सर्व वादाकडे पाहून कांहीं लोक म्हणतात, इतका घोळ घालण्यापेक्षां ‘एलेट’च राहूं द्या. हें म्हणणें सोयीचें आहे, परंतु त्याचा परिणाम काय होतो? जो मुलगा लहानपणापासून मुंगीचे पंख, ऐनाच्या फळाचे पंख, वाळवीचे पंख पाहत आला, त्यास शाळेंत ‘एलेट’ शिकवितांना तें आपल्याच पाहिलेल्या पंखांचें नांव आहे हें कोणी सांगत नाहीं. तो शब्द पाठ करितो आणि वस्तु विसरतो. ‘सपक्ष’ आणि ‘एलेट’ हे दोन्ही मार्ग ह्या बाबतींत सारखेच. दोन्हींत मुलाचा स्वतःचा अनुभव वर्गाबाहेर राहतो. पुढें उच्च अभ्यासासाठीं त्यानें ‘एलेट’ अवश्य शिकावा. पण ‘पंख’ समजल्यावर.

विद्वत्तेनें साध्या भाषेचा आश्रय घेणें ही आपल्या भूमीस नवीन गोष्ट नाहीं. महानुभाव पंथांतील संस्कृतज्ञ पंडित संस्कृतांत ग्रंथ लिहूं पाहत असतां, तसें केल्यास साध्या म्हाताऱ्या स्त्रिया त्यास मुकतील असें म्हणून नागदेवाचार्यांनीं त्यांस आवरलें, ही कथा प्रसिद्ध आहे. आणि 1930-31 मध्यें वर्ध्यास विनोबांनीं ‘गीताई’ लिहिली, ती संस्कृत येत नव्हतें म्हणून नव्हे. संस्कृत गीता आपल्या आईस समजत नसे, हें त्यांस ठाऊक होतें म्हणून. अध्यात्मासारखा सूक्ष्म विषय ज्या मराठींत मावला, तींत ऐनाच्या फळाचे पंख मावूं नयेत काय?

म्हणून आमची सूचना थोडक्यांत अशी. पाठ्यपुस्तकें व कोश तयार करणाऱ्यांनीं नवा शब्द घडविण्यापूर्वीं त्या वस्तूस मराठींत नांव आहे काय हें, ती वस्तु रोज हाताळणाऱ्या शेतकऱ्यास, मासेमारास, सुतारास, वनरक्षकास विचारावें. नांव असेल तर तेंच संज्ञा म्हणून छापावें, कंसांत नव्हे. नसेल तर जिवंत शब्दांपासून घडवावें. त्याउपर गरज पडल्यास संस्कृत घ्यावें, इंग्रजीहि घ्यावें; पण ह्याच क्रमानें. कोशाच्या पुढील आवृत्तींत ‘एलेट’ ह्या शब्दापुढें ‘पंखधारी, पंख असलेला’ असें छापलेलें दिसलें, तर त्यावरून मराठींत शास्त्र लिहिण्याचा विचार खरोखरच सुरू झाला आहे असें आम्ही समजूं.